ऐकलेला इतिहास, न ऐकलेले खेळाडू

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही असं सांगणाऱ्या मित्रमैत्रिणींनाही मी एक बेसबॉलचं पुस्तक बिनधास्त सुचवते. लॉरेन्स रिटर यांचं 'द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स'. हे पुस्तक १९६६ साली आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल खेळलेले २२ म्हातारे त्यात एकामागून एक येतात, आपापली गोष्ट सांगतात आणि जातात. कुणाचा बाप खाणीत होता, कुणी रेल्वेनं पहिल्यांदा शहर पाहिलं, कुणाचा एक झेल सुटला आणि तो जन्मभर पुरला. खेळाचे नियम माहीत नसले तरी चालतं. आजोबांच्या गप्पा ऐकायला येत असल्या की झालं.

पण गेली काही वर्षं हे पुस्तक सुचवताना मी एक पुस्ती जोडते : यावर प्रेम करा, विश्वास जरा जपून ठेवा. आणि हे वाचून झालं की यात कोण नाही तेही बघा. असं का म्हणते ते या लेखात सांगायचं आहे.

प्रश्न गाळलेली मुलाखत

रिटर हे काही क्रीडा पत्रकार नव्हते. ते न्यूयॉर्क विद्यापीठात वित्तशास्त्र शिकवायचे. बँकिंग आणि चलनव्यवस्थेवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक अनेक वर्षं वर्गांत चाललं. १९६१ मध्ये दोन मृत्यू झाले. एक त्यांच्या वडिलांचा आणि दुसरा टाय कॉब या जुन्या, अतिशय गाजलेल्या खेळाडूचा. त्या पिढीतली माणसं आता एकेक करून जाणार हे रिटर यांच्या ध्यानात आलं. त्यांनी एक टेप रेकॉर्डर घेतला आणि म्हाताऱ्या खेळाडूंना शोधत ते अमेरिकाभर फिरले. हा प्रवास ७५ हजार मैलांचा झाला असं ते सांगत.

त्यांची सगळ्यांत प्रसिद्ध शोधकथा सॅम क्रॉफर्डची. हा एके काळी कॉबच्याच डेट्रॉइट संघातला दिग्गज. कॅलिफोर्नियातल्या बेवुड पार्क नावाच्या लहानशा गावात तो राहतो एवढंच कळलेलं. रिटर दोन दिवस विचारत फिरले. शेवटी एका सार्वजनिक लाँड्रीत कपडे धुवायला बसलेले असताना शेजारच्या म्हाताऱ्याला त्यांनी सहज विचारलं, सॅम क्रॉफर्डला ओळखता का? तो म्हातारा म्हणजेच क्रॉफर्ड होता.

रिटर यांनी या सगळ्या बोलण्याचं जे केलं त्याला मराठीत आपल्याकडे नेमका शब्द आहे : शब्दांकन. त्यांनी स्वतःचे प्रश्न काढून टाकले. राहिलं ते सलग निवेदन. जणू तो म्हातारा तुमच्यासमोर बसून एका दमात बोलतोय. वाचायला फार गोड. पण एका दमात असं कुणी बोलत नाही. माणूस अडखळतो, मागे जातो, विचारलं म्हणून सांगतो, विचारलं नाही म्हणून राहून जातं. काय आधी ठेवायचं, काय जोडायचं, कुठे थांबायचं हे सगळं प्राध्यापकांनी ठरवलेलं आहे. पुस्तकाचं मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. फक्त हे 'त्यांच्याच शब्दांत' म्हणून वाचताना त्या शब्दांमागे एक संपादक बसलाय हे लक्षात असू द्यावं. रिटर यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. पुस्तकाच्या मानधनात त्यांनी या खेळाडूंना वाटा दिला. दुसऱ्याची गोष्ट सांगून नाव मिळवणाऱ्या लेखकांमध्ये हे सर्रास घडत नाही.

सुटलेला झेल

या पुस्तकाची ताकद कुठे आहे ते दोन उदाहरणांत सांगते.

२३ सप्टेंबर १९०८. न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज. शेवटच्या क्षणी जायंट्सच्या अल ब्रिडवेलनं फटका मारला, तिसऱ्या बेसवरचा गडी घरी पोचला, सामना जिंकला असं सगळ्यांना वाटलं. लोक मैदानात घुसले. पहिल्या बेसवर फ्रेड मर्कल नावाचा १९ वर्षांचा पोरगा होता. नियमानं त्यानं दुसऱ्या बेसला पाय लावायला हवा होता. गर्दी बघून तो अर्ध्यातूनच ड्रेसिंग रूमकडे वळला. प्रतिस्पर्ध्यांनी चेंडू मिळवून दुसरा बेस गाठला आणि मर्कलला बाद मागितलं. धाव रद्द झाली, सामना बरोबरीत धरला गेला, पुढे तो पुन्हा खेळवला गेला आणि जायंट्सचं विजेतेपद हुकलं. मर्कल मरेपर्यंत 'मठ्ठ' म्हणून ओळखला गेला.

हे सगळं कोणत्याही इतिहासात मिळतं. रिटर यांच्या पुस्तकात बोलतो तो ब्रिडवेल, फटका मारणारा. म्हातारा झालेला ब्रिडवेल म्हणतो की तो फटका आपल्याला लागलाच नसता तर बरं झालं असतं, आपण बाद झालो असतो तर त्या पोराच्या वाट्याला हे भोग आले नसते. अर्धं शतक उलटून गेल्यावर एका यशस्वी फटक्याबद्दल वाटणारी ही हळहळ कुठल्याही स्कोअरबुकात मावणारी नाही. त्यासाठी कुणीतरी त्याच्या घरी जाऊन बसावंच लागतं.

दुसरा फ्रेड स्नॉडग्रास. १९१२ च्या वर्ल्ड सीरिजच्या निर्णायक सामन्यात दहाव्या डावात त्याच्या हातून एक सोपा झेल सुटला. लगेच पुढच्याच फटक्यावर त्यानं हॅरी हूपरचा एक अवघड झेल धावत जाऊन घेतला. हूपर आणि स्नॉडग्रास दोघेही या पुस्तकात आहेत, म्हणजे एका क्षणाच्या दोन्ही बाजू. स्नॉडग्रास पुढे बँकेत शिरला, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड शहराचा महापौर झाला. १९७४ मध्ये वारला तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'नं मृत्युलेखाच्या मथळ्यात काय घेतलं? ६२ वर्षांपूर्वी सुटलेला झेल. पुस्तकातला स्नॉडग्रास या झेलाबद्दल बोलतो, पण झेलाइतकाच छोटा होऊन बोलत नाही. मीम होऊन अडकलेल्या माणसांना पुढे आयुष्य असतं, हे आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको.

म्हातारे थापाही मारतात

आता पुस्तकाचं पहिलंच प्रकरण घ्या. रूब मार्क्वार्ड. डावखुरा पिचर, १९१२ च्या हंगामात ओळीनं १९ सामने जिंकलेला. तो सांगतो : वडिलांचा खेळाला विरोध होता, म्हणून पोरवयात घरातून पळालो, मालगाड्यांतून लपतछपत आयोवातल्या वॉटर्लू गावापर्यंत पोचलो, संघात जागा मिळवायला. पुस्तकाची सुरुवात यानंच व्हावी इतकं हे सिनेमासारखं आहे. अडचण एकच. लॅरी मॅन्श यांनी १९९८ मध्ये मार्क्वार्डचं चरित्र लिहिलं, तेव्हा त्यांनी जुनी वर्तमानपत्रं आणि नोंदी तपासल्या आणि म्हाताऱ्याच्या कहाणीतलं बरंच काही टिकेना. त्यानं वयसुद्धा तीन वर्षांनी कमी सांगितलेलं होतं.

याचा परिणाम काय झाला? १९७१ मध्ये मार्क्वार्डची निवड हॉल ऑफ फेममध्ये झाली. त्याच वर्षी हूपरचीही झाली. त्याआधी १९६८ मध्ये गूस गॉस्लिन आणि १९६९ मध्ये स्टॅन कोव्हेलेस्की. चौघेही रिटर यांच्या पुस्तकात बोललेले. पुस्तकामुळे विसरलेली नावं पुन्हा चर्चेत आली असं बेसबॉलचे अभ्यासक मानतात आणि मार्क्वार्डची निवड ही हॉलच्या सर्वांत वादग्रस्त निवडींपैकी गणली जाते. म्हणजे छान सांगता येणं हेही एक कौशल्य ठरलं आणि त्याचा पुरस्कारही मिळाला.

तरी मार्क्वार्डवर मला फारसा राग धरता येत नाही. तो स्वतःच्या तारुण्याबद्दल थापा मारत होता. दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालणारा लेखक भेटला की गोष्ट वेगळी होते.

कॉबचा राक्षस कुणी केला?

टाय कॉबच्या शेवटच्या महिन्यांत अल स्टंप नावाचा लेखक त्याच्यासोबत होता. कॉबची आत्मकथा लिहून देण्यासाठी. कॉब जुलै १९६१ मध्ये गेला, आत्मकथा त्याच वर्षी आली. त्यात कॉब स्वतःची बाजू मांडतो. पण वर्ष संपायच्या आत स्टंपनं 'ट्रू' या मासिकात स्वतःच्या नावानं एक लेख लिहिला. त्यातला कॉब दारूडा, पिस्तूल घेऊन फिरणारा, सगळ्यांनी टाकलेला वेडसर म्हातारा होता. १९९४ मध्ये स्टंपनं यावर अख्खं चरित्र लिहिलं, त्याच वर्षी 'कॉब' हा सिनेमा आला आणि अमेरिकेच्या डोक्यात हीच प्रतिमा पक्की झाली : बुटांचे खिळे धार लावून दुसऱ्यांना जखमी करणारा, कट्टर वर्णद्वेष्टा.

ऐकणारा एकच, टेप नाही, बोलणारा मेलेला. अशा संभाषणाची खातरजमा कशी करायची? काही अभ्यासकांनी चिकाटीनं केली. कॉबच्या वडिलांचा १९०५ मध्ये आईच्या हातून गोळी लागून मृत्यू झाला होता. स्टंपच्या गोष्टीत ती बंदूक शॉटगन आहे. त्या वेळच्या कागदपत्रांत पिस्तूल आहे. स्टंपच्या संग्रहातून बाजारात आलेल्या कॉबच्या कित्येक 'आठवणवस्तू'ही संशयास्पद ठरल्या. मग २०१५ मध्ये चार्ल्स लीअरसन यांचं 'टाय कॉब : अ टेरिबल ब्यूटी' आलं. आपणही त्याच राक्षसाचं चरित्र लिहायला बसलो होतो, असं लीअरसन सांगतात. पण वर्तमानपत्रं, जनगणनेच्या नोंदी, न्यायालयाची कागदपत्रं चाळता चाळता राक्षसाचे पुरावे सापडेनात. कॉबनं मारलेले म्हणून ज्यांना कृष्णवर्णीय ठरवलं गेलं होतं त्यातले काही जण नोंदींनुसार गोरे निघाले. १९५२ मध्ये कॉबनं कृष्णवर्णीय खेळाडूंच्या समावेशाला जाहीर पाठिंबा दिल्याचंही छापील पुराव्यात मिळतं.

माझं मत विचाराल तर लीअरसन पुस्तकाच्या उत्तरार्धात वकिली करू लागतात. कॉब भांडखोर होताच. १९१२ मध्ये न्यूयॉर्कला त्यानं प्रेक्षकांत चढून हात गमावलेल्या एका माणसाला बदडलं, हे काही स्टंपनं रचलेलं नाही. रिटर यांच्या पुस्तकातला सॅम क्रॉफर्डही जुन्या सहकाऱ्याला गोंजारत नाही. तो सांगतो की दक्षिणेतून आलेला कॉब अजून अमेरिकी यादवी युद्धच लढत होता आणि उत्तरेकडचे आम्ही सगळे त्याला शत्रू वाटायचो. मला क्रॉफर्डचा कॉब सर्वांत खरा वाटतो. त्यात तक्रार आहे, कौतुक आहे, हिशेब मात्र नाही. स्टंपला मासिक खपवायचं होतं, लीअरसन यांना स्टंपला खोडायचं होतं. लाँड्रीत भेटलेल्या म्हाताऱ्याला यातून काहीच मिळवायचं नव्हतं.

अटलांटिक सिटीत कुणी गेलं नाही

आता यात कोण नाही त्याबद्दल.

रिटर यांच्या बावीस जणांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन आला तोवर, जवळपास सहा दशकं, मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना घेतलंच जात नव्हतं. रिटर यांनी चौकट ठेवली ती मोठ्या लीगची, त्यामुळे तिथला वर्णभेद काही न बोलता पुस्तकात आला. एक धूसर खिडकी उघडते ती 'चीफ' मेयर्सच्या प्रकरणात. हा कहुइया या मूलनिवासी समाजातला, काही काळ डार्टमथ कॉलेजात शिकलेला. मूलनिवासी खेळाडू दिसला की त्याला 'चीफ' म्हणायची तेव्हा पद्धतच होती. ज्या भूमीत आपले पूर्वज कायम राहिले तिथे आपल्याला परका समजलं जायचं, हे तो शांतपणे सांगतो. असा आवाज पुस्तकात एकच आहे.

बोलायला माणसंच उरली नव्हती, असंही नाही. जॉन हेन्री 'पॉप' लॉइड हा काळ्यांच्या बेसबॉलमधला थोर शॉर्टस्टॉप, ज्याची तुलना गोऱ्यांच्या होनस वॅग्नरशी व्हायची. तो १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हयात होता. खेळ संपल्यावर त्यानं अटलांटिक सिटीत शाळेत साफसफाई आणि देखभालीची नोकरी केली. तिथलं बेसबॉलचं मैदान १९४९ पासून त्याच्या नावानं आहे. न्यूयॉर्कहून हे गाव दोनशेएक किलोमीटर. ७५ हजार मैलांच्या मानानं हे अंतर काहीच नाही. १९६६ मध्येच, रिटर यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी, टेड विल्यम्सनं हॉल ऑफ फेममधल्या आपल्या भाषणात सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांना इथे जागा मिळावी असं म्हटलं. म्हणजे प्रश्न हवेत होता.

तो प्रश्न घेऊन निघाले ते दुसरे लेखक. रॉबर्ट पीटरसन यांचं 'ओन्ली द बॉल वॉज व्हाइट' १९७० मध्ये आलं, जॉन हॉलवे यांचं 'व्हॉइसेस फ्रॉम द ग्रेट ब्लॅक बेसबॉल लीग्ज' १९७५ मध्ये. हॉलवे यांचं पुस्तक रिटर यांच्याच पद्धतीचं, म्हाताऱ्यांना बोलू देणारं. पण वाचताना फरक लगेच जाणवतो. रिटर यांच्या म्हाताऱ्यांना फक्त आठवायचं असतं, कारण त्यांचे आकडे पुस्तकांत सुरक्षित होते. हॉलवे यांच्या म्हाताऱ्यांना सिद्धही करायचं असतं.

कूल पापा बेलचंच बघा. तो इतका चपळ की दिव्याचं बटण दाबून खोलीत अंधार पडायच्या आत पांघरुणात शिरायचा, अशी पेज सांगायचा ती दंतकथा. बेल स्वतः म्हातारपणी खुलासा करायचा : हॉटेलच्या खोलीतलं बटण बिघडलेलं होतं, दिवा जरा वेळानं जायचा. हे आधी लक्षात आल्यावर त्यानं पेजशी पैज लावली आणि जिंकली. थाप म्हणून हसण्यावारी न्यावी अशी ही गोष्ट शब्दशः खरी होती, फक्त कारण वेगळं होतं. ज्यांच्या सामन्यांचे तपशील मोठी वर्तमानपत्रं छापत नव्हती, त्यांनी आपला इतिहास अशा गोष्टींत जपला. मार्क्वार्डची थाप आणि बेलची गोष्ट एकाच तराजूत टाकता येत नाहीत ती यामुळे.

.३७२ चा अर्थ

मे २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलनं निग्रो लीग्जचे १९२० ते १९४८ या काळातले आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. या लीग्जना मोठ्या लीगचा दर्जा डिसेंबर २०२० मध्येच दिला होता. बेसबॉलमध्ये बॅटिंगची सरासरी म्हणजे दर हजार प्रयत्नांत किती यशस्वी फटके. कॉबची सरासरी .३६७, कित्येक दशकं सर्वांत वरची. आता तिथे जॉश गिब्सन आहे, .३७२. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये वारला, वयाच्या ३५ व्या वर्षी. तीनच महिन्यांनी रॉबिन्सन मोठ्या लीगच्या मैदानात उतरला.

लगेच ओरड झाली की गिब्सनचे सामने कमी, हंगाम छोटे, तुलना अन्यायाची. हंगाम छोटे होतेच. पण 'शुद्ध' समजले जाणारे जुने आकडे तरी कुठे पवित्र आहेत? कॉबचे यशस्वी फटके मेजर लीगच्या हिशेबात ४,१९१ आहेत. संशोधक ४,१८९ मानतात, कारण १९१० मधला एक सामना दोनदा मोजला गेला होता. हे लक्षात यायला १९८१ उजाडावं लागलं. आकडासुद्धा शेवटी कुणीतरी बघून, ऐकून, लिहून ठेवलेलाच असतो.

माझा आक्षेप उलट बाजूनं आहे. हॉल ऑफ फेममधल्या गिब्सनच्या फलकावर जवळपास ८०० होम रन लिहिलेत. अधिकृत आकडा दोनशेच्याही आत आहे. कारण अधिकृत हिशेबात फक्त लीगचे सामने धरतात. गावोगाव फिरून, पोटासाठी, मिळेल त्या संघाशी खेळलेले सामने त्यात नाहीत. आणि या खेळाडूंचं आयुष्य गेलं ते बहुतेक अशाच सामन्यांत. मोठ्या लीगनं त्यांना आत घेतलं, पण मोठ्या लीगसारखं जे दिसतं तेवढंच. बाकीचं अजूनही हॉलवे यांच्यासारख्यांच्या पुस्तकांतच आहे, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात.

आपल्याकडे बाळू पालवणकरांचा विचार करा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतल्याची नोंद आहे. पुण्यात सवर्ण हिंदूंच्या क्लबवर चहा वेगळ्या भांड्यात आणि पॅव्हेलियनच्या बाहेर घ्यावा लागायचा, हे मात्र कुठल्याही स्कोअरकार्डावर नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ मध्ये मराठीत लिहिलं, म्हणून त्या घराच्या आतला एक आवाज निदान कागदावर राहिला. रामचंद्र गुहांना 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' लिहिताना त्याचा उपयोग झाला.

म्हणून वाचायचा क्रम मी असा सांगेन. आधी रिटर, कारण त्याशिवाय या प्रकारच्या पुस्तकांची गोडी कळत नाही. मग लगेच हॉलवे, रिटर यांची चव तोंडात असतानाच. कॉबमध्ये रस वाटलाच तर लीअरसन, पण शेजारी क्रॉफर्डचं प्रकरण उघडं ठेवून. स्टंप राहिला तरी चालेल. आणि यातली कुठलीही मुलाखत वाचताना पानावर नसलेला माणूस कोण, हे स्वतःला विचारत राहा. कधी तो प्रश्न विचारणारा असतो. कधी तो दोनशे किलोमीटरवर, एका शाळेत झाडू मारून घरी परतलेला असतो.